वळणाच्या जिन्यावरची खुर्ची

मुलांनो, एक घर डोळ्यांसमोर आणा. सुलतानपूरच्या भीमनगरातलं, निळ्या चौकटीचं. दारातून आत या. चपला बाहेरच काढा, नाहीतर सारिकाकाकू रागावतील. समोर मोठी खोली आहे आणि खोलीच्या मागच्या भिंतीशी जिना आहे. आता मनातल्या मनात त्याच्यावर चढायला लागा. पहिल्या काही पायऱ्या सरळ जातात. मग जिना उजवीकडे वळतो आणि पायऱ्यांचा आकार बदलतो. आतल्या बाजूला त्या भाकरीच्या चतकोरासारख्या निमुळत्या होतात, बाहेरच्या बाजूला रुंद. तुम्ही रुंद बाजूने चला, तिथे पाय नीट मावतो. वळण संपलं की पुन्हा थोड्या सरळ पायऱ्या, आणि मग वरची खोली.

चढलात? मग आता सांगा, हा जिना वळला कशाला? जागा तर भरपूर आहे.

वळण्याचं कारण आता तिथे नाही. पूर्वी तिथे अंगण होतं आणि अंगणात कडुनिंबाचं मोठं झाड होतं. सहदेव आजोबा एसटीत कंडक्टर होते. त्यांनी वर खोली काढायची ठरवली तेव्हा गवंडी म्हणून त्यांचा दोस्त कडूबा आला. त्याने झाडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "सहद्या, हा लिंब तोड. जिना सरळ नेतो."

"झाड नाय तोडायचं. जिना वाकव."

"जिना काय वेताची काडी हाये का बे, वाकवाले?"

पण वाकवला. विटा बनाबाईंनी, म्हणजे आजोबांच्या बायकोने, डोक्यावरून वाहिल्या. गल्लीतलं वरती चढलेलं ते पहिलं घर. पुढे लिंबाला कीड लागली, तो वाळला, पाडावा लागला. अंगणावर स्लॅब पडला आणि जिना घरात आला. वळण मात्र तसंच राहिलं, मधे काही नसताना कशाला तरी वळसा घालत.

वरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती आहे. आणि एक खिडकी. आजोबा गेले तेव्हा त्यांच्या अस्थी शेतात पुरून त्यावर पिंपळ लावला होता. तो पिंपळ या खिडकीतून दिसतो. बनाआजी रोज दिवस मावळायच्या वेळी वर जायच्या, वंदना म्हणायच्या आणि खिडकीशी उभ्या राहायच्या. पिंपळाची पानं मलूल दिसली तर सकाळी मुलाच्या मागे लागायच्या, "धम्मा, तुह्या बापाले पाणी टाकून ये." आणि दर पौर्णिमेला खिडकीत मेणबत्ती लावायच्या. शेतातून पाहिलं तर ती चांदणीएवढी दिसते.

पौष महिन्यात एका सकाळी चूल पेटवताना बनाआजींच्या हातातली काडी गळून पडली. मग त्याच गळून पडल्या. लकवा. म्हणजे मेंदूकडे जाणारं रक्त अडलं आणि डावा हात, डावा पाय हुकूम ऐकेनासे झाले. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा गल्लीत गाडी शिरेना. चौघांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. दोन्हीकडच्या ओट्यांवर बाया उभ्या होत्या. "अव माय, बनाबाई," म्हणत तोंडाला पदर लावत होत्या. आजींनी डोळे गच्च मिटून घेतले. घरात आल्यावर म्हणाल्या, "झालं. आता मले उचलायचं ते एकदाच."

त्यांची खाट मोठ्या खोलीत टाकली. खाटेवरून जिना दिसायचा, वळणापर्यंत.

घरात त्यांचा मुलगा धम्मरत्न, सून सारिका आणि नात निशिगंधा. निशी पाचवीत होती. आजी निजल्या निजल्या कुठे बघते, ते तिला सगळ्यात आधी कळलं.

"माय, बुद्ध खाली आणू का?" धम्मरत्नने विचारलं. "इथं कोनाडा करू. वंदना इथंच म्हण."

"बुद्ध आणशील रे. खिडकी आणशील का?"

"मग मी आन शेजारचा रवी मिळून तुले वर नेतो. दहा मिनिटाचं काम."

"मी काय सोयाबीनचं पोतं हाये का, थप्पीवर टाकाले?"

"अव, तसं नाय..."

"तसंच हाये. माह्या पायानं गेली तर गेली. नाय तर नाय."

पाय तर चालत नव्हता. फिजिओथेरपीवाला येऊन जायचा. आजी खाट धरून उभ्या राहू लागल्या, चार पावलं टाकू लागल्या, पण पायरीवर पाय उचलेना. मग एक दिवस निशीने आईच्या मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. एक म्हातारा माणूस खुर्चीत बसून, मांडीवर वर्तमानपत्र ठेवून, जिना चढत होता. खुर्ची रुळावरून सरकत होती. निशी धावत आली. "आजी, हे पाय! हे तर कोणी उचलूनच नाय राह्यलं!"

आजींनी ते तीनदा पाहिलं. "ह्या बुवाले लाज नाय वाटत, एवढा फुकटात चढून राह्यला," असं म्हणाल्या. पण मोबाईल परत दिला नाही.

फोन झाले, चौकशा झाल्या आणि संभाजीनगरहून सागर नावाचा मुलगा माप घ्यायला आला. त्याच्या पाठीवर पिशवी होती, गळ्यात कॅमेरा. त्याने जिना वरून खालून पाहिला आणि वळणावर हात ठेवून म्हणाला, "दादा, खरं काम इथं आहे."

मेहकरला एका ओळखीच्यांच्या घरी अशीच एक खुर्ची पडून होती, जुनी, ते द्यायला तयार होते. धम्मरत्नने ते सांगितलं. सागरने मान हलवली. "ती सरळ जिन्याची आहे. तिचा रूळ सरळ." मग त्याने निशीकडे तिची मोजपट्टी मागितली आणि पाण्याच्या माठाला लावून दाखवली. तुम्हीही लावून बघा. पट्टी माठाला एकाच ठिकाणी टेकते. वर जागा, खाली जागा. "वळणाच्या जिन्याला रूळ वाकवून घ्यावा लागतो. जसा जिना तसा रूळ. कारखान्यात एकदा वाकवला की तो याच जिन्याचा. दुसऱ्या कोणत्याच घरात बसत नाही. म्हणून आधी नीट ठरवा, मग मी माप घेतो."

ठरवायचं म्हणजे पुष्कळ होतं. रूळ भिंतीवर बसत नाही, पायऱ्यांवर बसतो, म्हणून तो जिन्याच्या कोणत्या बाजूला हवा ते आधी सांगायचं. बाहेरच्या बाजूने नेला तर वळण मोठं, खुर्ची अलगद फिरते. पण मग घरातल्या बाकीच्यांना निमुळत्या बाजूने चढावं लागणार. आतल्या बाजूने नेला तर खुर्ची चटकन वळते, बसणाऱ्याला थोडं अवघड वाटतं.

"आईंना सोपं पडेल ते करा," सारिका म्हणाली.

"थांब वं सारिका," खाटेवरून आजी म्हणाल्या. "ही पोरगी दिवसातून पन्नासदा धडधड वर जाते. रुंद बाजू तिले ठेवा. मी आतून जाईन. लिंबाजवळून."

सागरला लिंब कळला नाही. त्याने इकडेतिकडे पाहिलं. निशीने त्याला सांगितलं.

मग बटणं. आजींचा उजवा हात चांगला होता, म्हणून बटण खुर्चीच्या उजव्या हातावर. सुलतानपूरची लाईट केव्हा जाईल सांगता येत नाही, म्हणून बॅटरीवर चालणारी. कमरेला पट्टा. पाय ठेवायला फळी. सागर खाटेजवळ उकिडवा बसून एकेक सांगत होता. "आजी, हे बटण दाबून धरायचं. बोट उचललं की खुर्ची थांबते."

"आन मले मधातच डुलकी लागली तर?"

"तर तिथंच थांबेल. पडणार नाही."

"म्हंजे मी मधातच लटकली. खालून सून म्हणन, उतरा, वरून लेक म्हणन, चढा."

सागर हसला. "म्हणून एक बटण भिंतीला खाली, एक वर. कोणी वर उभं राहून ते दाबून धरलं की खुर्ची आपण होऊन वर येते. तुम्ही नुसतं बसायचं."

"मी दाबीन!" निशी म्हणाली.

शेवटी रंग. सारिका म्हणाली तपकिरी घ्या, मळखाऊ असतो. आजींनी निशीकडे पाहिलं. निशी म्हणाली, निळा. निळा ठरला.

"वैशाखी पौर्णिमेच्या आधी होईल ना?" आजींनी विचारलं. "त्या दिवशी मले वर मेणबत्ती लावायची हाये."

"त्याच्या बरंच आधी होईल आजी."

मग सागरने प्रत्येक पायरीवर गोल खुणा चिकटवल्या, आकडे छापलेल्या, आणि त्यांचे फोटो काढले. त्या फोटोंवरून जिन्याचं वळण, प्रत्येक पायरीची उंची कारखान्याला कळते. काम झाल्यावर तो निशीला म्हणाला, "या खुणा राहू दे. बसवायला येईन तेव्हा मेळ घालायला लागतील. सांभाळायचं काम तुझं. जिन्याला कोणी हात लावायचा नाही, काय?"

निशीने ते काम असं केलं की घरात चालणं मुश्कील झालं. "पप्पा, खुणेवर पाय देऊन राह्यले तुम्ही!" सारिका खुणांच्या भोवतीने फडकं फिरवायची. आजी खाटेवरून हसायच्या. "पोलीस आणून ठेवला घरात."

चैत्र आला. जयंतीच्या आधी भीमनगरात घरोघर रंग लागतात. धम्मरत्नने खोलीला पांढरा रंग दिला आणि मग एक गोष्ट झाली. भिंत उजळली तसा जिना मळका दिसू लागला. सिमेंटच्या पायऱ्या, कडा तुटलेल्या, पहिली पायरी तर नुसती नावाला, कारण स्लॅब टाकताना अंगणात भर घातल्याने जमीन वर आली होती. आजी दिवसभर तिकडेच तोंड करून असायच्या. एक दिवस म्हणाल्या, "धम्मा, एवढी भारी खुर्ची येऊन राह्यली. गल्ली पाहाले येईन. आन जिना असा? फाटक्या लुगड्यावर सोन्याची पोत."

कडूबा आता म्हातारे झाले होते, पण हात चालत होता. काळा ग्रॅनाइट आणला. कडूबांनी प्रत्येक चतकोर वेगळा कापला, वळणाला बसेल असा. खालच्या तीनचार पायऱ्या कमीजास्त उंचीच्या होत्या, त्या जाड मसाला घालून सारख्या केल्या. "वयनी," ते म्हणाले, "ह्या खालच्या पायऱ्या मले केव्हाच्या टोचून राह्यल्या होत्या. तवा मी नवखा होतो. आता पाहा."

आणि खुणा? त्यांची काळजी सगळ्यांनाच होती. निशी तर दप्तर टाकून जिन्यावर येऊन बसली. "कडूबा आजोबा, खुणा काढायच्या नाहीत. सागरदादाने सांगितलं."

"तू काढ, तूच सांभाळ," कडूबा म्हणाले. "फरशी बसली की जिथल्या तिथं परत लाव. मी तुले कोपरा दाखवतो."

निशीने नखाने एकेक खूण सोडवली. कंपासपेटीच्या झाकणावर ओळीने चिकटवली, आकडे चुकू नयेत म्हणून. फरशी वाळल्यावर कडूबांनी प्रत्येक पायरीचा कोपरा बोटाने दाखवला आणि निशीने खूण तिथे बसवून तळव्याने दाबली. धम्मरत्न म्हणाला, "शाबास." आजी म्हणाल्या, "माही नात म्हंजे बँकेचं लॉकर हाये."

तुमच्यातल्या कोणाच्या लक्षात आलं का? आलं असेल तर जरा थांबा, शेजारच्याला सांगू नका.

सागर वैशाखातल्या तापत्या दुपारी आला. टेम्पोत कागदात गुंडाळलेल्या, वाकवलेल्या लांब नळ्या होत्या. निळी खुर्ची खोक्यात होती. गल्लीतली पोरं दारात जमली. आजींनी त्या दिवशी पांढरं लुगडं नेसवून घेतलं होतं. पौर्णिमा जवळ आली होती.

सागर आत आला आणि जिन्यापाशी थांबला. वाकून त्याने पहिल्या पायरीवरच्या खुणेला बोट लावलं. मग दुसऱ्या.

"कसा झाला?" आजींनी खाटेवरून विचारलं. "कडूबानं केला. आरशावाणी झाला की नाय?"

सागर तिसऱ्या पायरीवरही वाकला. त्याने धम्मरत्नला विचारलं, "दादा, फरशी माप घेतल्यानंतर बसवली?"

"हाव. पण खुणा जिथल्या तिथं हायेत. एकही हलली नाय."

तरी सागरने रूळ लावून पाहिला. खालचा तुकडा उभा केला, वरचा उभा केला. वळणावर दोन नळ्यांची तोंडं एकमेकांत जायला हवी होती. ती भेटेनात. एक वर, एक खाली.

"बोटभराचाच तर फरक हाये," धम्मरत्न म्हणाला. "ठोकून बसवा ना."

"दादा, यावर आजी बसणार आहेत."

पोरांमागून कडूबाही आत आले होते. ते घरी गेले आणि हातोडा-छिन्नी घेऊन परत आले. पहिल्या पायरीशी बसले. "मी फोडतो," म्हणाले. "माह्या हातानं केलं, माह्या हातानं काढतो."

सागर हळूच म्हणाला, "काका, फोडल्यावर खालची पायरीसुद्धा पहिल्यासारखी राहणार नाही. माप तरी नव्यानंच घ्यावं लागेल."

कडूबांनी तरी छिन्नी टेकवली होती.

"कडूबा," आजी म्हणाल्या, "उठ. एवढा साजरा जिना फोडते का कोणी? नवीन माप घे रे बाबा. माह्याच हौसेनं झालं हे."

निशी वळणावर बसली होती. कंपासपेटीचं झाकण तिच्या हातात होतं. "मी बरोबर लावल्या होत्या," ती म्हणाली आणि रडायला लागली. "एकपण चुकली नव्हती."

सागर तिच्याजवळ जाऊन बसला. "नाही चुकली. मी तुला नीट सांगायला हवं होतं. खूण म्हणजे नुसता कागद असतो. मला तिच्याखालची पायरी हवी होती, तशीच्या तशी. फरशी बसली आणि पायऱ्यांची उंची बदलली."

चूक कोणाची, हे तुम्ही मला विचाराल. मी पुष्कळ विचार केला आहे. आजींना घर नीटनेटकं हवं होतं. कडूबांना आपलं जुनं काम सुधारायचं होतं. निशीने शब्द पाळला. सागरने हात लावू नका म्हटलं, पण का, ते सांगायला तो विसरला, आणि तो काही वाईट मुलगा नव्हता. कोणाच्याही हातून मायेपोटी होईल अशी ती चूक होती. तुम्ही एकेकाला उभं करून रागवायला गेलात तर तुम्हाला रागावता येणार नाही. मला तरी येत नाही.

सागरने नवं माप घेतलं. पुन्हा खुणा, पुन्हा फोटो. या वेळी जाताना खुणा त्याने स्वतः काढून नेल्या. दाराशी आजींनी विचारलं, "पौर्णिमेपर्यंत?" तो चपला घालत राहिला. मग म्हणाला, "नाही होणार आजी."

पौर्णिमेच्या संध्याकाळी धम्मरत्न खाटेजवळ पाठ करून बसला. "माय, ये पाठीवर. हे काय उचलणं नाय. लहानपणी तू मले शेतातून आणत होती तसं."

आजींनी उजवा हात त्याच्या पाठीवर ठेवला, फिरवला, आणि काढून घेतला. "नाय रे. पुढच्या पौर्णिमेले जाईन की. खुर्ची येऊनच राह्यली." मग त्यांनी निशीला हाक मारली. "निशे, तू जा वर. मेणबत्ती लाव. आन मले सांग काय दिसते ते."

निशी वर गेली. मेणबत्ती लावली, खिडकीच्या कट्ट्यावर मेण पाडून उभी केली. खाली तिघांनी वंदना सुरू केली होती. आजींचे शब्द आता थोडे तिरके पडायचे, पण म्हणताना त्या थांबल्या नाहीत. वंदना झाल्यावर निशी वळणापर्यंत उतरून ओरडली, "लावली आजी!"

"पिंपळ दिसते का वं?"

निशी वर धावली, पाहिलं, परत वळणावर आली. "दिसते!"

"पानं कशी हायेत?"

पुन्हा वर, पुन्हा खाली. "मान टाकली आजी पानांनी! सगळी लोंबून राह्यली!"

"घ्या," आजी म्हणाल्या. "मी खाटेवर, तर कोणी पाणी टाकलं नाय. धम्मा, सकाळी पहिले तिकडं जा."

"जातो."

"आन चांद?"

"चांद अजून यायचा हाये!"

"मग आला की सांग." निशी वळणावरच बसली. तिथून खाली आजी दिसत होत्या, वरून मेणबत्तीचा उजेड येत होता. चंद्र आला तेव्हा तिने सांगितलं.

धम्मरत्न खरंच सकाळी शेतात गेला. चार घागरी पाणी टाकलं. पानं सावरली हे निशीने वरून पाहून आजीला सांगितलं, रोज सांगत राहिली. पौर्णिमेचा तो चंद्र पुरता झिजला नव्हता, तेव्हा एका सकाळी सारिका चहा घेऊन आली आणि आजी उठल्या नाहीत. झोपेतच केव्हा तरी पुन्हा झटका आला होता.

त्यांना उचललं, ते एकदाच. गल्ली अरुंद, म्हणून खांदे सारखे बदलावे लागत होते. या वेळी ओट्यांवरच्या बाया मागे मागे चालत आल्या.

आजींचा फोटो मोठा करून आणला. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तो खालच्या खोलीत ठेवला, फुलं वाहिली, सगळ्यांनी हात जोडले. नंतर तो खाटेच्या जागीच राहिला. वर न्यायचा होता, आजोबांच्या फोटोशेजारी, पण कोणाचं मन होत नव्हतं.

मग सागरचा फोन आला. रूळ तयार झाला होता. त्याला काही माहीत नव्हतं. धम्मरत्नने त्याला आजी गेल्याचं सांगितलं. सागर म्हणाला, "दादा, तो रूळ दुसऱ्या कोणत्याच घरात बसणार नाही. तुम्ही नको म्हणालात तर इथंच ठेवून देतो."

धम्मरत्नने जिन्याकडे पाहिलं. "मायने निवडला होता," तो म्हणाला. "बसवून जा."

सागरने तो एका दिवसात बसवला. वळणावर दोन्ही नळ्यांची तोंडं एकमेकांत गेली, आवाजसुद्धा न होता. रूळ जिन्याच्या आतल्या बाजूने, लिंबाच्या जागेला लागून वर गेला. रुंद बाजू मोकळी राहिली. कडूबा दारात उभे राहून पाहत होते, चहा घ्यायला मात्र थांबले नाहीत. निळी खुर्ची जिन्याच्या पायथ्याशी मिटून ठेवली होती, वर प्लास्टिक तसंच. पाहायला गल्ली आली नाही. घरातलं कोणी तिच्यात बसलं नाही. सारिका झाडताना तेवढी जागा सोडून झाडायची.

ज्येष्ठातली पौर्णिमा आली. संध्याकाळी धम्मरत्नने अंघोळ केली, पांढरा सदरा घातला आणि म्हणाला, "आज मायले वर नेऊ." सारिकाने मेणबत्ती घेतली. धम्मरत्नने फोटो दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"पप्पा," निशी म्हणाली. "उचलून नका नेऊ."

तो वळला. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या फोटोकडे. पायरीवरून खाली उतरला.

निशीने खुर्चीवरचं प्लास्टिक फाडून काढलं. खुर्ची उघडली, पाय ठेवायची फळी खाली केली. वडिलांच्या हातातून फोटो घेऊन पाठीला टेकवून बसवला आणि कमरेचा पट्टा त्याच्याभोवती घट्ट केला. मग ती रुंद बाजूने धडधड वर गेली. वरच्या भिंतीवरचं बटण दाबलं आणि दाबून धरलं. खालून बारीक घरघर सुरू झाली. वळणामुळे आधी काहीच दिसेना. मग निळ्या रंगाचा कोपरा दिसला, मग लिंबाच्या जागेला वळसा घालून आजी येताना दिसल्या. खुर्ची वर येऊन आपण होऊन थांबेपर्यंत निशीने बटणावरचं बोट उचललं नाही.